विक्रांत : मुंबई बंदरातली पावणेअठरा वर्षं

३१ जानेवारी १९९७ रोजी आयएनएस विक्रांत हे विमानवाहू जहाज नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालं. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिच्या पोलादावर गॅसकटर चालायला लागले. मधली पावणेअठरा वर्षं ती याच शहरात, याच बंदरात होती आणि तिला वाचवायला हवं असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणत होता. सगळ्यांची इच्छा असताना जहाज भंगारात कसं गेलं, हे नीट समजून घ्यावं म्हणून हे प्रकरण मांडते आहे.

जहाजाचं नाव लपवून उपयोग नाही, ते दुसऱ्या ओळीतच ओळखू येईल. मंत्री, नौदल अधिकारी, याचिकाकर्ते आणि खरेदीदार यांची नावं मात्र घेतलेली नाहीत. माणसं बदलली, सरकारं बदलली, अडचण तीच राहिली. मला त्या अडचणीबद्दल बोलायचं आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये एचएमएस हर्क्युलिस या नावाने या जहाजाची बांधणी सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ ला सांगाडा पाण्यात उतरला, तोवर युद्ध संपलं होतं. काम थांबलं आणि ती अर्धवट अवस्थेत दहाएक वर्षं पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला नौदलात दाखल केली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू बॅलार्ड पिअरवर हजर होते. म्हणजे पडून राहिलेलं जहाज पुन्हा उभं राहू शकतं, हे तिच्या स्वतःच्याच इतिहासात लिहिलेलं होतं. त्या वेळी घेणारा ठरलेला होता, गोदी ठरलेली होती आणि जहाज कशासाठी हवं आहे हेही ठरलेलं होतं.

१९७१ च्या युद्धाआधी तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेगावर मर्यादा आली होती. विमानवाहू जहाजाला वेग लागतो तो मुक्कामी पोचण्यापुरता नाही. विमान उडताना डेकवर समोरून पुरेसा वारा मिळावा, यासाठीही जहाज जोरात पळावं लागतं. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव इथे हल्ले चढवले. पुढे ऐंशीच्या दशकात सी हॅरिअर विमानांसाठी तिच्या डेकच्या टोकाला वर चढत जाणारा उतार बसवला. १९९४ मध्ये ती शेवटची समुद्रावर गेली.

ती २१३ मीटर लांब होती, पूर्ण भरल्यावर तिचं वजन साडेएकोणीस हजार टनांच्या घरात जाई आणि तिच्यावर हजाराहून जास्त माणसं राहत. संग्रहालय झाल्यावर मी शाळेत असताना बाबांबरोबर तिच्यावर गेले होते. विमानं वर नेणाऱ्या लिफ्टच्या चौकोनातून हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या दालनात, ऊन पडत होतं आणि तेल, रंग, गंज असा एकत्र वास येत होता. बाबा सारखे भिंतीला हात लावून बघत होते. घरी जाताना म्हणाले, "रंग नवा आहे गं, पण रंगाखाली पापुद्रे आहेत." त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

नेमकी अडचण काय होती

पाण्यात उभं असलेलं लोखंडी जहाज नुसतं उभं नसतं, ते रोज थोडं थोडं झिजत असतं. चालत्या जहाजावर खलाशी सकाळ-संध्याकाळ गंज खरवडतात, रंग लावतात, पंप चालवतात, तळात साचलेलं पाणी उपसतात. जहाज निवृत्त झालं की ही माणसं दुसऱ्या जहाजांवर जातात, खारी हवा आणि मुंबईचा पाऊस मात्र तिथेच राहतो. पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा सर्वांत आधी जातो, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही असतात. त्याखालचा भाग बघायचा, कालवं खरवडायची, पत्र्याची जाडी मोजायची आणि रंग द्यायचा तर जहाज सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून रिकामी करता येते अशा गोदीत, घ्यावं लागतं. २१३ मीटरचं जहाज मावेल अशा सुक्या गोद्या मोजक्या, आणि त्यांत चालत्या युद्धनौकांचा नंबर आधी लागणार हे उघड आहे.

न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड या विमानवाहू जहाजाचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं. ती १९८२ पासून हडसन नदीकाठी संग्रहालय म्हणून उभी आहे. पण २००६ मध्ये तिलाही दुरुस्तीसाठी जागेवरून हलवावं लागलं. पहिल्या प्रयत्नात ती चिखलात रुतून बसली, महिन्याभराने सुटली आणि सुक्या गोदीतली कामं उरकून २००८ मध्ये परतली. तरंगतं संग्रहालय म्हटलं की हा खर्च पुन्हा पुन्हा येतोच. तिथे तो उचलणारी संस्था होती.

इथे तीन मालक होते आणि एकही नव्हता. जहाज संरक्षण मंत्रालयाचं आणि नौदलाचं. संग्रहालयाची हौस राज्य सरकारची. बंदरातलं पाणी आणि काठ बराचसा पोर्ट ट्रस्टच्या अखत्यारीत. नौदलाला आपल्या युद्धनौकांचा निधी निवृत्त जहाजावर किती दिवस घालायचा हा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. राज्याकडे जहाज सांभाळणारं खातंच नव्हतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली.

यात आणखी एक गोष्ट मिसळली, जिची चर्चा फार कमी झाली. ती उभी होती नौदलाच्या गोदीत. तिथे कुणीही उठून जावं आणि तिकीट काढावं, हे शक्य नव्हतं आणि नसायलाच हवं. त्यामुळे संग्रहालय वर्षातले ठरावीक दिवस उघडे. ज्या संग्रहालयात लोक रोज येऊ शकत नाहीत, ते आपल्या उत्पन्नावर उभं राहणार कसं? पुढे "प्रतिसाद नाही, परवडत नाही" असा निष्कर्ष निघाला, तेव्हा हा मुद्दा कुणी ठळकपणे मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आहे तिथेच, तरंगत ठेवण्याचा. सुरुवातीचा खर्च सर्वांत कमी, दरवर्षीचा सर्वांत जास्त.

दुसरा पर्याय तिला कायमची टेकवण्याचा. कुलाब्याजवळच्या ऑयस्टर रॉक या खडकाळ बेटापाशी तिला नेऊन पक्क्या बैठकीवर बसवावं, असा विचार पुढे आला होता. तांत्रिकदृष्ट्या हा मला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो. एकदा जहाज काँक्रीटच्या बैठकीवर बसलं, भोवती बांध घातला आणि आतलं पाणी काढलं, की बुडण्याची भीती संपते आणि तळ रंगवायला गोदी लागत नाही. पण मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जातो, तळाशी चिखल आहे आणि बेटावर जायला पुन्हा होडी लागणार. पावसाळ्यात तेही बंद. शिवाय सुरुवातीलाच फार मोठी रक्कम ओतावी लागली असती, आणि ती कोण ओतणार याचं उत्तर कागदावर कधीच आलं नाही.

तिसरा, खासगी भागीदार शोधण्याचा. सरकारने बरीच वर्षं याच आशेवर काढली. एप्रिल २०१० पर्यंत तरी कायमस्वरूपी चालवायला कुणी पुढे आलं नव्हतं. याचं मला आश्चर्य वाटत नाही. जागा नक्की नाही, मालकी नक्की नाही, तळाच्या पत्र्याची जाडी किती उरली आहे याचा हिशेब देणाऱ्याच्या हाती नाही, आणि ज्या जहाजाशी लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत त्यावर हॉटेल किंवा समारंभ काढले तर बोलणी खावी लागणार. अशा व्यवहारात पैसे कोण घालेल?

चौथा पर्याय मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो गंभीरपणे मांडलाच गेला नाही: सगळं जहाज नको, काही भाग ठेवू. डेकवरचा मनोरा, म्हणजे जिथून जहाज चालवायचे आणि विमानांवर नजर ठेवायचे ती इमारत, विमानाची लिफ्ट, नांगर, डेकच्या टोकाचा तो चढता उतार. एवढं कापून जमिनीवर आणलं असतं तर मुंबईच्या काठावर कुठेही बसवता आलं असतं. जमिनीवरच्या लोखंडाला गंज लागतो, पण बुडत नाही.

समुद्रात बुडवून डुबकी मारणाऱ्यांसाठी ठेवण्याचा पर्याय त्या काळात आपल्याकडे फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. जुन्या जहाजातलं तेल, ॲस्बेस्टॉस, जुने रंग आधी काढावे लागतात, तेव्हाच तसं करता येतं. आणि शेवटचा पर्याय, भंगार, तो कुणी निवडावा लागत नाही. बाकीचे निवडले नाहीत की तो आपोआप उरतो.

प्रत्यक्षात काय घडलं

१९९७ नंतर जहाज नौदलाच्याच गोदीत राहिलं. राज्यात त्या काळी जनभावना मोठी होती, राजकीय पाठिंबाही होता, आणि २००१ पासून ती लोकांसाठी खुली झाली. हँगरमध्ये विमानं मांडली, छायाचित्रं लावली. नौदल सप्ताहाच्या आसपास लांबच लांब रांगा लागत. त्या रांगांनी एक समज पक्का केला की काम झालं, विक्रांत वाचली. खरं तर फक्त दरवाजा उघडला होता. जागा, निधी आणि मालकी हे तिन्ही प्रश्न १९९७ ला होते तिथेच होते.

पुढची दहा वर्षं हे भिजत घोंगडं तसंच पडलं. प्रस्ताव निघत, बैठका होत, भागीदार मिळाला की बघू असं ठरे. त्या काळात मुंबई बंदराने इतर जहाजांचे हाल पाहिले. ऑगस्ट २०१० मध्ये एमएससी चित्रा ही मालवाहू बोट टक्कर होऊन कलंडली आणि तिचे कंटेनर बंदरात तरंगत राहिले. जानेवारी २०११ च्या अखेरीस आयएनएस विंध्यगिरी ही नौदलाची युद्धनौका एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाल्यावर धक्क्याला बुडाली. २०११ च्याच पावसाळ्यात माणसं नसलेली दोन जहाजं वाहत जुहूला लागली. बंदरात जहाज बुडालं तर काय होतं, हे कागदावर समजवायची गरज उरली नव्हती. २०१२ मध्ये विक्रांत असुरक्षित ठरवून लोकांसाठी बंद करण्यात आली.

ऑगस्ट २०१३ मध्ये नौदलाच्या पश्चिम विभागाने स्पष्ट केलं की जहाज सांभाळणं आता अवघड आहे, संग्रहालयाला पैसे द्यायला कुणी पुढे आलेलं नाही, आणि ते मोडीत निघेल. योगायोग असा की त्याच महिन्यात, १२ तारखेला, कोचीत नव्या विक्रांतचं जलावतरण झालं. नाव पुढे चालणार होतं, त्यामुळे जुन्या जहाजाची बाजू कदाचित आणखी दुबळी झाली. हा माझा तर्क आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला आणि लगेच मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिका करणाऱ्यांची तळमळ खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण न्यायालयात जाण्याची वेळ चुकली होती. तिथे प्रश्न असा आला की जहाज धोकादायक आहे का, आणि सरकारला पैसे खर्च करायला लावता येईल का. पहिल्याचं उत्तर नौदलाने "हो" दिलं, दुसऱ्यासाठी राज्याने हात वर केले. जानेवारी २०१४ मध्ये याचिका फेटाळली गेली. ऑनलाइन लिलावात जहाज दारूखान्याच्या एका जहाजतोडणी कंपनीला सुमारे ६० कोटी रुपयांना गेलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान विक्रांतला ओढत नेऊन दारूखान्याच्या किनाऱ्याला लावलं. १४ ऑगस्ट २०१४ ला सर्वोच्च न्यायालयातलीही याचिका फेटाळली गेली, नोव्हेंबरात शेवटची परवानगी मिळाली आणि तोडणी सुरू झाली. भरतीच्या पाण्यावर जहाज चिखलात चढवायचं आणि ओहोटीला पोटापासून कापत जायचं, ही दारूखान्याची पद्धत. ज्या जहाजाच्या डेकवर एकेकाळी सी हॅरिअर उतरत, ते रे रोडच्या बाजूने पाहिलं तर गोदामांच्या पलीकडे पडलेल्या मोठ्या पत्र्यासारखं दिसत असे.

निष्पत्ती

२५ जानेवारी २०१६ रोजी लायन गेटसमोर, नौदलाच्या गोदीच्या बाहेर, विक्रांतच्या धातूपासून केलेलं एक स्मारक उभं राहिलं. त्याच वर्षी एका मोटारसायकल कंपनीने तिचं पोलाद वितळवून आपल्या नव्या गाडीत वापरलं आणि तशी जाहिरातही केली. गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात तिच्यावरून उडणाऱ्या जातीची विमानं आहेत. २ सप्टेंबर २०२२ ला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. जुन्या जहाजाचं जनतेसमोर जवळजवळ एवढंच उरलं.

मला यातला सर्वांत वाईट परिणाम वेगळाच वाटतो. विक्रांतच्या प्रकरणातून कुणी काही शिकलं नाही. आयएनएस विराट ही नौदलाची दुसरी विमानवाहू नौका ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली. १ नोव्हेंबर २०१८ ला राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला मान्यता दिली, अंदाजित खर्च ८५२ कोटी. पैसे खासगी भागीदारीतून येतील असं धरलं होतं. ते आले नाहीत. विराट ३८.५४ कोटींना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईहून गुजरातमधल्या अलंगला, तोडणीसाठी, निघाली. शेवटी तिच्याही बाबतीत लोक न्यायालयात गेले, जहाज किनाऱ्याला लागल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, हे दुसऱ्यांदा झालं.

कोणत्या वळणावर वेगळं करता आलं असतं

पहिलं आणि सर्वांत मोठं वळण १९९७ चं. निवृत्तीच्या दिवशी जहाजाची तब्येत नंतरच्या कोणत्याही दिवसापेक्षा चांगली होती. तेव्हाच सुक्या गोदीत घेऊन तळाच्या पत्र्याची जाडी मोजून अहवाल करायला हवा होता. त्या अहवालावर लिहायला हवं होतं की हे जहाज तरंगतं ठेवलं तर अमुक वर्षांत धोकादायक होईल. मुदत कागदावर आली असती तर पुढच्या प्रत्येक बैठकीला ती समोर राहिली असती. मुदतीशिवाय "बघू" म्हणणं कुणालाच जड जात नाही.

दुसरं वळण २००१ चं, संग्रहालय खुलं करण्याचं. मी असते तर तरंगतं संग्रहालय ही तात्पुरती व्यवस्था आहे असं जाहीरच केलं असतं, आणि त्याच दिवशी कायमची जागा नौदलाच्या गोदीबाहेर शोधायला सुरुवात केली असती. विशाखापट्टणमने नेमकं हेच केलं. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर काँक्रीटच्या बैठकीवर संग्रहालय म्हणून उघडली. आज तिथे रस्त्यावरून चालत जाऊन तिकीट काढता येतं. कुरसुरा ९१ मीटरची, विक्रांत २१३ मीटरची आणि वजनाने कितीतरी मोठी, त्यामुळे ही तुलना ताणून चालणार नाही. तरी दीड वर्षात निर्णय झाला, हे ताणायची गरज नाही.

तिसरं वळण म्हणजे अर्धं वाचवण्याची तयारी. आपल्याकडे वारशाबद्दल बोलताना "संपूर्ण नाहीतर काहीच नाही" अशी भूमिका घेतली जाते आणि तिच्यामागे प्रेमच असतं. २००५ च्या सुमारास कुणी म्हटलं असतं की मनोरा आणि डेकचा एक तुकडा ठेवू, बाकी सोडून देऊ, तर त्यालाच लोकांनी बोल लावले असते. मीही लावले असते. पण २०१४ मध्ये वाचवण्याची ताकद फक्त एका स्मारकापुरती उरली. मनोरा वाचला असता तर मुलं त्याच्या काचेतून समुद्र बघू शकली असती.

चौथं वळण खर्च मांडण्याचं. एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च या दोन वेगळ्या रकान्यांत कधी मांडला गेल्याचं दिसत नाही. लिलावाच्या वेळी ६० कोटी ही किंमत सगळ्यांनी वाचली. जहाज एका वर्षासाठी सुरक्षित ठेवायला किती लागतात, हा आकडा सामान्य माणसाला कुणी सांगितला नाही. तो माहीत असता तर मुंबईकर, माजी नौसैनिक, शाळा, कंपन्या यांच्यापैकी कोण किती उचलू शकतं हे निदान विचारता आलं असतं. "अमुक कोटी द्या" म्हणण्यापेक्षा "या वर्षीच्या रंगाचे द्या" हे मागणं लोकांना कळतं.

याचिकेबद्दलही एक. २०१२ मध्ये जहाज बंद झालं, तेव्हा एखाद्या स्वतंत्र जहाज-अभियंत्याकडून पाहणीची मागणी घेऊन न्यायालयात जाणं जास्त उपयोगी ठरलं असतं. त्या वेळी "विकू नका" म्हणायची गरज नव्हती. "तब्येत तपासा आणि अहवाल उघड करा" एवढंच पुरे होतं.

अलीकडे हवा थोडी बदललेली दिसते. निवतीच्या समुद्रात आयएनएस गुलदार ही निवृत्त नौका पाण्याखाली ठेवण्याची योजना आली. कल्याणला दुर्गाडीजवळ, खाडीकाठी, नौदलाची टी-८० ही छोटी वेगवान नौका आणून उभी केली आहे. ती विक्रांतच्या डेकवर सहज मावली असती, पण ती जमिनीवर आहे, गोदीच्या दरवाजाबाहेर आहे आणि तिच्यासाठी नौदल व शहराची यंत्रणा यांच्यात करार झालेला आहे. पुढच्या पावसाळ्याआधी मी बाबांना घेऊन तिथे जाणार आहे. ते तिच्या अंगाला हात लावून बघतील, आणि मला तिथल्या माणसाला विचारायचं आहे की हिला रंग दर किती वर्षांनी देतात आणि त्याचे पैसे कोण भरतं.